मंडणगडहून ताबोला: घरच्या वयस्कर माणसांना घेऊन स्पितीत कसं जायचं

आमच्या वाडीतली मंडळी बोधगया, सारनाथ, कुशीनगर करून आली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, आता पुढच्या वर्षी कुठे? मी आईला आणि आत्याला घेऊन ताबोला जाऊन आल्यापासून चार-पाच जणांचे फोन आले, की आम्हाला जमेल का, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे, थंडी किती असते, भात मिळतो का. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढतोय. मंडणगड, दापोली, खेड पट्ट्यातला माणूस डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, पण रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांना पण हे तेवढंच लागू आहे, कारण आपण सगळेच समुद्राच्या लेव्हलला राहणारी माणसं आणि सगळ्यात मोठी अडचण तीच आहे.

ताबो म्हणजे हिमाचलच्या लाहौल-स्पिती जिल्ह्यात, स्पिती नदीच्या काठावर वसलेलं एक छोटंसं गाव. एक मेन रस्ता, थोडी दुकानं, होमस्टे, सफरचंदाच्या बागा, चहूबाजूंनी झाड नसलेले उघडे डोंगर आणि गावाच्या मधोमध मातीच्या कुंपणभिंतीच्या आत जुनं विहार. हे विहार इसवी सन ९९६ मध्ये बांधलं आणि तेव्हापासून तिथे भिक्खू राहतायत, पूजा चालू आहे, म्हणजे हजार वर्षं कधी ओसाड पडलं नाही. आपल्याकडे लेणी भरपूर आहेत पण त्यात वंदना घेणारं कोणी उरलेलं नाही, म्हणून मला ताबोचं इतकं वाटतं.

मी तिथे पहिल्यांदा पोचलो तो ठरवून नाही. पहिली ट्रिप एका ग्रुपबरोबर होती, मनालीमार्गे, सगळं सात दिवसात उरकायचं असा प्लॅन. मनाली साधारण २००० मीटरवर आहे, तिथे एक रात्र झोपून दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं, अटल टनेलमधून बाहेर पडून ४५०० मीटरच्या वर असलेला कुंझुम पास ओलांडायचा आणि त्याच रात्री काझ्याला, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावी, ३६५० मीटरवर झोपायचं. आमच्याबरोबर गावातले एक काका होते, साठीच्या पुढचे, एरवी रोज शेतात जाणारे, एकदम काटक माणूस. त्यांना रात्रभर उलट्या, डोकं धरून बसलेले, पाणी पण पोटात ठरेना. सकाळी काझ्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तिथे ऑक्सिजन लावला आणि डॉक्टर म्हणाले, यांना वर कुठेही नेऊ नका, खाली न्या. ग्रुप पुढे गेला, मी काकांना गाडीत घालून खालच्या बाजूला निघालो आणि ४७ किलोमीटरवर ताबो लागलं. तिथे ते दुपारी झोपले ते संध्याकाळी उठून स्वतःहून चहा मागितला. दुसऱ्या दिवशी आम्ही आणखी खाली रेकाँग पिओला उतरलो, पण त्या संध्याकाळी काका झोपलेले असताना मी एकटा विहारात गेलो आणि तिथून बाहेर पडताना ठरवलं की आईला इथे आणायचं, पण अशा धावपळीत नाही.

तर पहिली गोष्ट, रस्ता. ताबोला दोन बाजूंनी जाता येतं, मनालीकडून आणि शिमल्याकडून. आपण शिमल्याकडूनच जायचं. मनालीचा रस्ता जवळचा दिसतो, मॅपवर बघून सगळे तोच म्हणतात, पण तो एकदम उंचावर नेतो आणि वर्षातले साधारण जून ते ऑक्टोबर एवढेच महिने उघडा असतो. शिमल्याचा रस्ता लांब आहे पण हळूहळू चढतो आणि शरीराला सवय करून घ्यायला वेळ देतो, वयस्कर माणसांना नेताना हीच गोष्ट सगळ्यात मोलाची.

कधी जायचं याचं उत्तर आपल्या कामाच्या हिशोबाने बघू. एप्रिल-मे आंबा-काजूत जातो, जूनपासून पेरणी आणि मग लावणी, जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे पाऊस आणि तिकडे शिमल्याहून जाताना लागणाऱ्या किन्नौर जिल्ह्याच्या रस्त्यावर दरडी, तेव्हा हे दोन महिने डोक्यातून काढूनच टाका. खुद्द स्पितीत पाऊस फार कमी पडतो कारण ढग अलीकडच्या डोंगरांवरच रिकामे होतात, पण तिथे पोचायचा रस्ता मात्र त्याच पावसातून जातो. गणपती झाल्यावर आणि भातकापणी जोरात सुरू व्हायच्या आधी जी मोकळीक मिळते, म्हणजे सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा, तीच बेस्ट. आकाश एकदम स्वच्छ असतं, किन्नौरमध्ये सफरचंदाची तोडणी चालू असते, ताबोतली झाडं पिवळी पडायला लागतात. रात्री थंडी कडक असते पण दिवसा ऊन असतं, झेपतं. एकच लक्षात ठेवा, गणपतीनंतर चाकरमानी मुंबईला परतत असतात, तेव्हा आपल्या मार्गावरच्या गाड्या फुल्ल असतात आणि आता रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधीच सुरू होतं, त्यामुळे तारीख ठरवून त्या दिवशी सकाळीच तिकीट काढायला बसा.

गाडी कुठली? गोवा संपर्क क्रांती मडगावहून थेट चंदीगडला जाते आणि रत्नागिरीला थांबते. आपल्या मंडणगड-दापोलीच्या माणसाला खेडहून दुसऱ्या गाडीने पनवेल गाठून तिथे ती पकडता येते, आम्ही तेच केलं. रोज नसते ती, वार बघून घ्या. नाहीतर दिल्लीपर्यंत कुठलीही गाडी आणि तिथून पुढे. चंदीगडहून कालका जवळच आहे आणि कालक्याहून शिमल्याला छोटी गाडी जाते, ९६ किलोमीटरचा रस्ता, शंभराच्या वर बोगदे, २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. बसने लवकर पोचाल हे खरं, पण मी म्हणेन छोट्या गाडीनेच जा, म्हाताऱ्या माणसांना घाटाच्या वळणांवर बसमध्ये मळमळतं ते होत नाही आणि कोकण रेल्वेच्या बोगद्यांची सवय असलेल्या माणसाला ती गाडी बघून घरच्यासारखं वाटतं. आत्या प्रत्येक बोगद्याला मोजत होती, चाळीसच्या पुढे झोप लागली तिला.

आता उंचीचा हिशोब, हा भाग नीट वाचा. आपलं कळसूबाई शिखर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच, ते १६४६ मीटर. ताबो साधारण ३२८० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर अख्खं गाव वसलेलं आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या तुलनेत दोन तृतीयांशच्या आसपास असतो, म्हणजे आपण एक श्वास घेतो त्यात ऑक्सिजन तेवढाच कमी जातो. शरीर हे भरून काढायला शिकतं, पण त्याला दिवस लागतात, आणि त्याचा तुमच्या ताकदीशी किंवा वयाशी काही संबंध नाही, तरण्याताठ्या पोरांना पण होतं आणि सत्तरीच्या बाईला काहीच होत नाही असं पण असतं. डॉक्टर लोकांचा साधा नियम असा की ३००० मीटरच्या वर गेलात की झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस नुसता आराम. लक्षात घ्या, नियम झोपायच्या जागेचा आहे, दिवसा वर जाऊन संध्याकाळी खाली आलेलं चालतं.

आम्ही काय केलं ते सांगतो. शिमल्याला दोन रात्री, साधारण २२०० मीटर. तिथून रामपूरमार्गे सराहनला एक रात्र, तिथलं भीमाकालीचं लाकडी मंदिर बघण्यासारखं आहे. मग रेकाँग पिओ आणि त्याच्या वर कल्पा, तिथे दोन रात्री, कल्पा २९६० मीटरच्या आसपास आहे आणि समोर किन्नर कैलास दिसतो, सकाळी उठून खिडकीतूनच. आणि मग ताबो. कल्प्याहून ताबो झोपायच्या हिशोबाने फक्त तीनेकशे मीटर वर आहे त्यामुळे त्रास झाला नाही. मधे नाको गाव लागतं, सुंदर आहे, तळं आहे, जुनं विहार आहे, पण ते ३६०० मीटरच्या वर आहे म्हणून तिथे मुक्काम करू नका, उतरून बघा, चहा घ्या आणि पुढे निघा. घरापासून ताबोपर्यंत आमचे नऊ दिवस गेले. लोकांना हे फार वाटतात. पण आईला एकदाही डोकेदुखीची गोळी लागली नाही, आणि त्या काकांचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

पिओहून काझ्याला एसटीसारखी हिमाचलची सरकारी बस पहाटे सुटते ती ताबोवरून जाते, आदल्या दिवशी स्टँडवर जाऊन वेळ आणि सीट विचारून ठेवायची. चार-पाच जण असाल तर गाडी ठरवणं बरं, मधे थांबता येतं. रस्ता सतलजच्या काठाने कडा कोरून काढलेला आहे, काही ठिकाणी डोक्यावर दगडाचं छत आणि खाली नदी, आपला वरंधा किंवा कुंभार्ली घाट पाठ असला तरी इथे पोटात गोळा येतो, तेव्हा ज्यांना भीती वाटते त्यांना डोंगराच्या बाजूला बसवा. खाब नावाच्या ठिकाणी स्पिती नदी सतलजला मिळते आणि तिथून सगळं दृश्यच बदलतं, हिरवं संपतं आणि माती, दगड, ऊन एवढंच राहतं. आत्या बराच वेळ बाहेर बघत बसली आणि म्हणाली, "हितं गुरं काय खात असतील रे?"

परमिटचं सगळे विचारतात. भारतीय माणसाला स्पितीसाठी परमिट लागत नाही, आधार कार्ड जवळ ठेवा, चेकपोस्टवर बघतात. तुमच्याबरोबर परदेशी पासपोर्टवाला कोणी नातेवाईक असेल तर त्याला मात्र इनर लाइन परमिट काढावं लागतं, ते शिमल्याला किंवा पिओला होतं.

निघायच्या आधी आपल्या डॉक्टरकडे जा, हे मी दहा वेळा सांगेन. हृदयाचा, दम्याचा त्रास असेल, बीपी कंट्रोलमध्ये नसेल तर डॉक्टर नको म्हणाले की नको. डायमॉक्स नावाची गोळी उंचीच्या त्रासासाठी देतात, ती कोणाचं ऐकून परस्पर घेऊ नका, सल्फाची ऍलर्जी असेल तर चालत नाही. वर गेल्यावर डोकं दुखणं, भूक न लागणं, मळमळ, झोप न लागणं ही पहिली लक्षणं, त्यावर उपाय म्हणजे तिथेच थांबायचं, आराम करायचा, वर जायचं नाही. पण बसल्या जागी धाप लागायला लागली, खोकला येऊन फेस यायला लागला, माणूस चालताना झोकांड्या खातोय, काहीतरी असंबद्ध बोलतोय, तर रात्र असो पहाट असो, लगेच खाली न्यायचं, सकाळ होऊदे म्हणून वाट बघायची नाही. पहिले दोन दिवस गरम पाण्याने डोक्यावरून अंघोळ, भरभर जिने चढणं, दारू, हे सगळं बंद. पाणी थोडं थोडं पण सतत प्यायचं, तिथली हवा इतकी कोरडी आहे की घाम आलेला कळतच नाही, आपल्याकडे कपडे चार दिवस वाळत नाहीत आणि तिथे धुतलेला टॉवेल तासाभरात पापडासारखा कडक होतो.

सामानात काय घ्यायचं तर थर्मलचे दोन जोड, कानटोपी, लोकरीचे मोजे, चांगलं जाड जॅकेट. हे सगळं आपल्याकडे धड मिळत नाही आणि मिळालं तर महाग, शिमल्याच्या बाजारात घ्या, तिथे दोन रात्री आहातच. खोबरेल तेल नेऊन उपयोग नाही, बाटलीत दगड होतो, व्हॅसलिन न्या आणि ओठांना, नाकाच्या आत बोटाने हलकं लावत जा, नाहीतर कोरड्या हवेने नाकातून रक्त येतं आणि माणूस घाबरतो. डोळ्यांना काळा चष्मा पाहिजेच, ऊन फार तिखट असतं. पैसे रोख न्या, काझ्याला एटीएम आहे पण त्याच्यावर विसंबून राहू नका. फोनला सगळीकडे रेंज मिळेल असं धरू नका, घरी आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागला नाही तर काळजी करायची नाही.

आणि एक टॉर्च, चांगली. मोबाईलची नाही, वेगळी. का ते पुढे सांगतो.

खाण्याचं सांगायचं तर थुक्पा म्हणजे नूडल्सचं सूप, मोमो, तिंगमो म्हणजे वाफवलेला पाव, वरण-भात, राजमा, बटाटा, आणि स्पितीचा हिरवा वाटाणा जो त्यांचं मुख्य पीक आहे आणि इतका गोड असतो की आत्या कच्चाच खात होती. भात मिळतो, पण एक समजून घ्या, त्या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आतच उकळतं त्यामुळे तांदूळ कुकरशिवाय शिजत नाही, डाळ तर नाहीच. स्वतः करून खायचा विचार असेल तर छोटा कुकर न्या. आम्ही घरून आमसुलं, मेतकूट, भाजलेले पोहे आणि नाचणीचं सत्त्व नेलं होतं, आमसुलाचं सार गरमगरम प्यायलं की मळमळीला फार बरं वाटतं. ते लोक जवाचं भाजलेलं पीठ खातात, त्साम्पा म्हणतात, चहात लोण्याबरोबर कालवून, आईला ते लगेच आवडलं, म्हणाली आपलं सातूचं पीठच की हे. ज्यांच्या घरी राहाल त्यांच्यासाठी आपले काजू न्या. आम्ही किलोभर नेले होते, होमस्टेच्या बाईने अर्धे बाजूला काढून विहारातल्या भिक्खूंना नेऊन दिले. राहायला विहाराचं स्वतःचं गेस्ट हाऊस पण आहे आणि गावात होमस्टे आहेत, खोली बघताना एवढंच बघा की खाली आहे की वर, जिने किती आहेत आणि संडास खोलीला लागून आहे का. रात्री थंडीत बाहेर जायला लागलं तर वयस्कर माणसाची तब्येत त्यातच बिघडते.

आता विहार. बाहेरून बघाल तर निराशा होईल, आधीच सांगतो. ना कळस ना रंग, मातीच्या जाड भिंतींचे चौकोनी ठोकळे, वर सपाट धाबं. आपण जांभ्याची आणि कौलांची माणसं, आपल्याला प्रश्न पडतो की मातीचं घर हजार वर्षं टिकलं कसं, तर पाऊस नाही म्हणून टिकलं. आपल्याकडे हेच बांधलं असतं तर पहिल्या मृगातच खाली आलं असतं. १९७५ च्या जानेवारीत किन्नौरला मोठा भूकंप झाला त्यात धक्का बसला, तरी मुख्य मंदिर उभं राहिलं. भूकंपानंतर बाजूला नवीन प्रार्थनागृह बांधलंय, रोजची सकाळची पूजा तिथे होते, तिला नक्की बसा, लवकर असते, आदल्या दिवशी वेळ विचारा.

कुंपणाच्या आत एकूण नऊ मंदिरं आणि बरेच स्तूप आहेत, तिकडे छोर्तेन म्हणतात. सगळ्यात जुनं ते मुख्य, त्सुगलाखांग. हे बांधायचा हुकूम पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याचा राजा येशे ओ याचा आणि काम रिंचेन झांगपो या भाषांतरकार भिक्खूच्या नावाने ओळखलं जातं. परंपरा अशी सांगते की राजाने २१ तरुणांना संस्कृत आणि धम्म शिकायला काश्मीरला पाठवलं, त्यातले बहुतेक उष्णतेने आणि आजाराने वाटेतच गेले, परत आले फक्त दोघं, त्यातला एक हा रिंचेन झांगपो. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांना खालची हवा सोसली नाही आणि आपल्याला वरची." येताना काश्मीरचे कलाकार आले, म्हणून तिथल्या चित्रांमधले चेहरे तिबेटीपेक्षा आपल्याकडचे वाटतात. मग १०४२ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी, राजाच्याच घराण्यातल्या जांगचुब ओ याने जीर्णोद्धार केला आणि हे भिंतीवर लिहूनच ठेवलंय.

आत जाताना चपला बाहेर, फोन खिशात. आत फोटो काढायला बंदी आहे आणि ती पाळा, फ्लॅशने रंग उडतात. आधी दुपारी एकदा जा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा, एकदा बघून भागत नाही. भिक्खू कुलूप उघडतो, आत अंधार, छताच्या एका झरोक्यातून तेवढा उजेड येतो. इथे सगळे एक चूक करतात, आत शिरल्या शिरल्या टॉर्च भिरभिर फिरवतात आणि दोन मिनिटात बाहेर. तसं करू नका. दाराशी उभे राहा, टॉर्च बंदच ठेवा, डोळ्यांना सवय होऊ द्या, पाचेक मिनिटं. मग हळूहळू भिंतीतून आकार दिसायला लागतात, आणि ते खरोखरच भिंतीतून बाहेर आलेले आहेत, माणसाएवढ्या मातीच्या मूर्ती, तीसपेक्षा जास्त, खाली चौथरा नाही, जमिनीपासून वर भिंतीला धरून कमळावर बसलेल्या, जणू हवेतच. मधोमध चार मूर्ती पाठीला पाठ लावून बसलेल्या, तो वैरोचन बुद्ध, चारी दिशांना बघणारा. आता टॉर्च लावा, पण मूर्तीच्या तोंडावर नाही, बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर धरा, मग मातीवर फिरलेला हात दिसतो, बोटांची नखं दिसतात, गळ्यातल्या माळेचा एकेक मणी दिसतो.

मूर्तींच्या खाली चित्रांची पट्टी आहे, एका बाजूला भगवान बुद्धांचं चरित्र आणि दुसऱ्या बाजूला सुधन नावाच्या मुलाची गोष्ट. चरित्राचे प्रसंग आपली माणसं पटापट ओळखतात, आईने सिद्धार्थाचा जन्म, गृहत्याग आणि महापरिनिर्वाण न विचारता दाखवलं. सुधनची गोष्ट आपल्याला माहीत नसते म्हणून आधी समजून घ्या. हा एका व्यापाऱ्याचा मुलगा, ज्ञान शोधत गावोगाव फिरतो, एकेका गुरूकडून थोडं थोडं शिकतो, आणि ही गोष्ट ज्या ग्रंथात आहे त्या गंडव्यूह सूत्रात जी गुरूंची रांग आहे त्यात भिक्खू आहेत, बायका आहेत, लहान मुलं आहेत, आणि एक तांडेल पण आहे, समुद्रात गलबत नेणारा. हे मी आत्याला सांगितलं, तिच्या नवऱ्याने, म्हणजे मामांनी, हर्णैला बोटीवर वर्षं काढली. ती टॉर्च घेऊन त्या पट्टीसमोर बराच वेळ एकेक चित्र बघत राहिली.

आपल्या लोकांना आत आणखी एक प्रश्न पडतो, तो आईने मला तिथेच कानात विचारला, एवढे वेगवेगळे बुद्ध कशाला, आपल्या विहारात तर एकच आहेत. हा प्रश्न पडणं बरोबर आहे आणि त्याचं उत्तर द्यायची तयारी करून जा, नाहीतर घरी येऊन माणसं म्हणतात ते काही आपलं नव्हतं. हे वज्रयान आहे, म्हणजे तिबेटकडे चालणारा बौद्ध धम्मातला पंथ. त्यात पाच बुद्ध मानतात, वैरोचन मध्ये आणि बाकीचे चार दिशांना, एकाच बोधाची पाच रूपं म्हणून. आणि हे परकं अजिबात नाही, कारण आपल्या दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीची लेणी आहेत, कोटजाई नदीच्या काठाला, एकूण २९, त्यात दहाव्या-अकराव्या शतकातल्या वज्रयानाच्या खुणा आहेत, अक्षोभ्य बुद्धाच्या आणि महाचंडरोषण या वज्रयानातल्या देवतेच्या मूर्ती आहेत. ताबोच्या भिंतीवर जे मंडल आहे त्यातला पूर्व दिशेचा बुद्ध हाच अक्षोभ्य. म्हणजे ज्या काळात ताबोला मातीचे बुद्ध घडवत होते साधारण त्याच काळात आपल्याकडे दगड कोरून तेच बुद्ध घडवले जात होते. पन्हाळेकाजीला नंतर नाथपंथी आले आणि बुद्धाची पूजा थांबली, ताबोला थांबली नाही. माझं स्पष्ट मत आहे की ताबोला जायच्या आधी घरच्या सगळ्यांना घेऊन एक दिवस पन्हाळेकाजीला जाऊन या. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि मग ताबोला गेल्यावर परकं वाटत नाही.

वंदना म्हणायची असेल तर भिक्खूला विचारा. आईने पांढरी साडी नेसली होती, तिला त्रिसरण-पंचशील म्हणायचं होतं, मी मोडक्या हिंदीत विचारलं, त्यांनी मान हलवली. आई हात जोडून हळू आवाजात म्हणायला लागली, बुद्धं सरणं गच्छामि, आणि त्या भिक्खूने स्वतःच्या हातातली टॉर्च वैरोचनाच्या पायाशी धरली ती तिचं पंचशील पूर्ण होईपर्यंत हलवली नाही. नंतर विचारलं, कहाँ से? मी म्हटलं महाराष्ट्र, समुंदर के पास. "आंबेडकर," ते म्हणाले आणि हसले. आईने त्यांना जय भीम केला.

बाकी शिस्तीच्या गोष्टी पटकन सांगतो. प्रदक्षिणा कायम उजवी बाजू आतल्या बाजूला ठेवून, घड्याळाच्या काट्याप्रमाणे, मणी-चक्रं, म्हणजे मंत्र असलेली हाताने फिरवायची प्रार्थनाचक्रं, पण तशीच फिरवायची. भिंतीला हात, कपाळ, काही लावायचं नाही, हाताच्या तेलाने रंग जातो. अगरबत्ती, मेणबत्ती, फुलं नेऊन आपल्या मनाने ठेवायची नाहीत, दान द्यायचं तर दानपेटीत. मूर्तींकडे पाय करून बसायचं नाही. आणि भेटल्यावर "जुले" म्हणायचं, नमस्कार, आभार, येतो, सगळ्याला तोच एक शब्द चालतो, म्हातारी माणसं फार खूश होतात.

गावाच्या वर, रस्त्याच्या पलीकडच्या डोंगरात गुहा आहेत, भिक्खू हिवाळ्यात तिथे ध्यानाला बसायचे. चढ लहान आहे पण दम लागतो, तिसऱ्या दिवशी जा, पहिल्या नाही.

ताबोत कमीत कमी तीन रात्री राहा आणि मग तिथूनच दिवसा वरची ठिकाणं करा. धनकर हे स्पितीचं जुनं राजधानीचं गाव, पिन आणि स्पिती नद्यांच्या संगमावर कड्याच्या टोकाला चिकटलेलं विहार, ३८९० मीटरच्या आसपास. की विहार काझ्याच्या पुढे १२ किलोमीटर, ४१६६ मीटरवर. ग्यू गावात बसलेल्या स्थितीतला एका लामाचा नैसर्गिकरीत्या टिकलेला देह आहे, सांगा तेनझिन म्हणतात, तो ताबोच्या अलीकडे सुमदोजवळ आत वळून बघता येतो. सगळं एका दिवसात करायचं नाही, दिवसाला एक.

लांग्झा मात्र ज्याला त्रास होत नाहीये त्यानेच करावं, ४४०० मीटर आहे, तिथे हवा निम्म्याहून थोडी जास्त. आई-आत्या काझ्यात थांबल्या आणि मी गेलो. गावावर मोठी बुद्धमूर्ती आहे, आणि पायाखालच्या काळ्या मातीत शंख सापडतात. खरे शंख, दगड झालेले, गोल गोल वळी असलेले, ज्युरासिक काळातले. तिथे तेव्हा टेथिस समुद्र होता आणि नंतर जमीन वर उचलली जाऊन हिमालय झाला. एका मुलाने माझ्या हातावर एक ठेवला, मुठीएवढा, मी अंगठ्याने त्याच्या वळ्यांवरून फिरवलं तर हर्णैच्या पुळणीवर सापडतो तसाच खरबरीत. विकत घेऊ नका आणि उचलून पण आणू नका, कितीही वाटलं तरी, सगळे एकेक नेत राहिले तर तिथे काही उरणार नाही. मी त्याला परत दिला आणि खिशातले काजू दिले.

परतताना त्याच रस्त्याने परत, शिमल्याकडेच. उतरताना थांबत बसायची गरज नाही, ताबोहून निघून एक रात्र पिओ किंवा रामपूर आणि दुसऱ्या दिवशी शिमला. पण परतीचं ट्रेनचं तिकीट काढताना हिशोबाच्या दिवसापेक्षा दोन दिवस पुढचं काढा. नाकोजवळ मलिंग नाला म्हणून जागा आहे, तिथे रस्ता घसरतो आणि कधी कधी तासन् तास गाड्या अडकतात, आम्ही पाच तास अडकलो होतो. थर्मासमध्ये गरम पाणी आणि सोबत पोहे ठेवा. आमच्या पुढच्या गाडीत शिमल्याचं एक कुटुंब होतं, त्यांच्या लहान मुलाला भूक लागली होती, आत्याने त्याला मेतकूट-पोहे कालवून दिले, आणि रस्ता उघडल्यावर त्यांनी आमच्या गाडीत सफरचंदांची अख्खी पिशवी ठेवली, ती खेड स्टेशनपर्यंत पुरली.